सुक्याबरोबर ओले जळू नये : नकोशा मेलची चाळणी कोणाच्या हातात?

आपल्या शिरूर आणि दौंड तालुक्यात ईमेलचा पत्ता नाही असे घर आता शोधावे लागेल. पत्ता अब्बांच्या नावाचा असतो, पासवर्ड मुलाला माहीत असतो आणि मेल उघडून बघायची आठवण मात्र कोणालाच नसते. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरीचा अर्ज करा, रेल्वे भरतीचा फॉर्म भरा, पासपोर्ट काढा, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी नाव नोंदवा, हजचा अर्ज भरा, बहुतेक ठिकाणी मोबाईल नंबरच्या खाली ईमेलचा रकाना असतो. पूर्वी पोस्टमन दारात येऊन पत्र देत असे. आता पत्र कधी आले हेही कळत नाही.

त्यातच एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. पाठवणारा आणि आपण यांच्यामध्ये एक चाळणी बसवलेली असते. ईमेल असेल तर मेल सेवा देणारी कंपनी आणि एसएमएस असेल तर मोबाईल कंपनी आधी ठरवते की हे पत्र आपल्यापर्यंत येऊ द्यायचे की नाही. ही चाळणी आपल्या भल्यासाठी आहे, हे खरेच. पण ती चुकते तेव्हा नुकसान कोणाचे होते, याचा विचार करायला हवा. म्हणून या लेखात आम्ही दोन्ही बाजू मांडत आहोत.

स्पॅम म्हणजे काय?

न मागता, एकाच वेळी हजारो लोकांना पाठवलेला मेल म्हणजे स्पॅम. गंमत अशी की हा शब्द मुळात खाण्याच्या वस्तूचा आहे. अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीने १९३७ मध्ये डुकराचे डबाबंद मांस बाजारात आणले, त्याचे नाव स्पॅम. पुढे १९७० मध्ये ब्रिटिश टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात असे हॉटेल दाखवले की तिथे कोणताही पदार्थ मागा, त्यात स्पॅम असायचेच. नको असताना पुन्हा पुन्हा समोर येणारी वस्तू, या अर्थाने तो शब्द इंटरनेटच्या लोकांनी उचलला.

अशा मेलची सुरुवात मात्र त्याआधीच झाली होती. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीतल्या गॅरी थुर्क यांनी आपल्या नव्या कॉम्प्युटरची जाहिरात सुमारे ४०० लोकांना एकदम पाठवली. लोक चिडले, पण कंपनीचा माल खपला. तिथेच खरी मेख आहे. कागदी पत्रकाला छपाई आणि तिकिटाचा खर्च येतो. मेलला जवळजवळ काहीच येत नाही. लाखात एक जण फसला तरी पाठवणाऱ्याचा फायदाच. आज एकट्या जीमेलवर रोज सुमारे १५ अब्ज नकोसे मेल अडवले जातात, असे गुगल सांगते. म्हणजे चाळणी काढून टाकली तर आपली मेलपेटी एका दिवसात निकामी होईल.

चाळणी काम कशी करते?

साधारणपणे तीन पायऱ्या असतात.

पहिली, पत्र कुठून आले ते बघणे. इंटरनेटवरच्या प्रत्येक मेल सर्व्हरला एक आकडी पत्ता असतो. ज्या पत्त्यांवरून कचरा येतो त्यांच्या काळ्या याद्या बनवल्या जातात. १९९८ मध्ये सुरू झालेली स्पॅमहाउस ही संस्था अशा याद्यांसाठी जगभर ओळखली जाते. यादीतला पत्ता असेल तर मेल दारातूनच परत फिरवला जातो.

दुसरी, पाठवणारा खरोखर तोच आहे का ते तपासणे. बँकेच्या नावाने कोणीही मेल लिहू शकतो. म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क नावाच्या तीन पद्धती आल्या. सोप्या भाषेत सांगायचे तर हा पत्रावरचा शिक्का आणि सही आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम केला की जो कोणी जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवतो, त्याने हे तिन्ही शिक्के लावलेच पाहिजेत आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोय दिली पाहिजे.

तिसरी, मजकूर वाचणे. माणूस वाचत नाही, यंत्र वाचते. पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने ऑगस्ट २००२ मध्ये एक निबंध लिहून ही पद्धत लोकप्रिय केली. कोणता शब्द कचऱ्यात किती वेळा येतो आणि चांगल्या पत्रात किती वेळा, याचा हिशेब यंत्र ठेवते आणि नव्या पत्राला गुण देते. आपण 'स्पॅम' असे बटण दाबतो तेव्हाही यंत्र त्यातून शिकते.

फायदे कोणते?

पहिला फायदा घरातल्या वडीलधाऱ्यांचा. दादीजान किंवा नानांच्या फोनवर 'तुमचे बँक खाते आज बंद होणार' असा मेल आला तर ते घाबरून लिंक दाबू शकतात. असा मेल त्यांच्यापर्यंत न पोचणे हेच चांगले. घरात रोज कोणी शिकलेला माणूस बसून प्रत्येक मेल तपासणार नाही.

दुसरा फायदा नोकरी शोधणाऱ्या पोरांचा. मोठ्या कारखान्याचे नाव आणि चिन्ह लावून 'निवड झाली, रजिस्ट्रेशनचे पैसे भरा' अशी बनावट पत्रे येतात. गल्फमधल्या नोकरीच्या नावाने तर हा जुनाच धंदा आहे. शिक्का-सही तपासणारी चाळणी यातला बराच माल दारातच थांबवते.

तिसरा फायदा असा की हे काम एका जागी होते. प्रत्येकाने आपापल्या फोनवर वेगळे सॉफ्टवेअर बसवायची गरज पडत नाही. एअरटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या नेटवर्कवरच स्पॅम ओळखण्याची सोय चालू केली आणि त्यासाठी ग्राहकाकडून वेगळे पैसे घेतले नाहीत. साधा स्मार्टफोन वापरणाऱ्या घरालाही तिचा उपयोग होतो.

तोटे कोणते?

मराठीत म्हण आहे, सुक्याबरोबर ओलेही जळते. चाळणीचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे. कचरा आत येणे हा त्रास आहे, पण कामाचे पत्र बाहेर राहणे हे नुकसान आहे. दोन्ही सारखे नाहीत. दहा जाहिराती पुसायला एक मिनिट लागते. मुलाखतीचे एक पत्र हुकले तर वर्ष वाया जाऊ शकते.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. हजच्या अर्जदारांतून हज कमिटी कुर्रा काढते, म्हणजे सोडत. समजा, तुम्हाला निरोप आला : 'अभिनंदन, सोडतीत तुमची निवड झाली आहे, अमुक तारखेच्या आत पैसे भरा, नाहीतर निवड रद्द होईल.' आता हाच मजकूर परक्या माणसाच्या नजरेने वाचा. अभिनंदन, सोडत, निवड, पैसे, शेवटची तारीख. लॉटरीच्या फसवणुकीचा मेल अगदी असाच असतो! यंत्राने दोन्ही एकाच पोत्यात भरले तर त्याला दोष तरी किती द्यायचा? आणि उलट बाजूने, ठगांनाही हे माहीत आहे. म्हणून तेही हजच्या आणि उमराहच्या नावाने असेच लिहितात.

दुसरा तोटा लहान पाठवणाऱ्यांचा. मोठी बँक पगारी तंत्रज्ञ ठेवून शिक्का, सही, सगळे नीट लावून घेते. पण गावातली शाळा, पतसंस्था, मशिदीचा ट्रस्ट किंवा लहानसा लेबर काँट्रॅक्टर स्वस्तातली वेबसाईट घेतो. एकाच सर्व्हरवर अशा शेकडो वेबसाईट असतात. त्यातल्या एकाने कचरा पाठवला आणि तो सर्व्हर काळ्या यादीत गेला, की बाकी सगळ्यांची पत्रेही अडकतात. शेजाऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा पूर्ण वाडीला.

हे फक्त लहानांच्या बाबतीत घडते असेही नाही. अमेरिकेत व्हेरिझॉन कंपनीने २००४ च्या अखेरीस स्पॅम रोखण्याच्या नावाखाली युरोपातून येणारे पुष्कळ मेल सरसकट अडवले. परदेशातल्या नातेवाइकांची आणि व्यापाऱ्यांची पत्रे मिळेनाशी झाली. ग्राहक कोर्टात गेले आणि २००६ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली.

तिसरा तोटा खासगीपणाचा. मजकूर तपासायचा म्हणजे यंत्राने आपले पत्र वाचायचे. जाहिराती दाखवण्यासाठी जीमेलचा मजकूर तपासणे थांबवू, असे गुगलने २०१७ मध्ये जाहीर केले. पण स्पॅम आणि व्हायरससाठीची तपासणी चालू असतेच, त्याशिवाय चाळणी चालणारच नाही. आज एका कामासाठी वाचणारे यंत्र उद्या दुसऱ्या कामासाठी वाचणार नाही, याची हमी कायद्याने मिळायला हवी.

८ मार्च २०२१ : आपल्या देशात काय झाले?

चाळणी चुकली तर काय होते, याचा अनुभव भारताने एसएमएसच्या बाबतीत घेतला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जुलै २०१८ मध्ये नवे नियम काढले. प्रत्येक कंपनीने आपले नाव आणि एसएमएसचा मजकूर आधी नोंदवायचा. मोबाईल कंपनी प्रत्येक एसएमएस त्या नोंदीशी ताडून बघणार. जुळला तर पुढे, नाही तर रद्द. हेतू चांगला होता.

८ मार्च २०२१ रोजी ही तपासणी कडकपणे सुरू झाली आणि देशभर गोंधळ उडाला. अनेक बँकांनी आणि संस्थांनी मजकूर नीट नोंदवलेलाच नव्हता. बँकेचे ओटीपी येईनात, आधारचे येईनात, कोविन पोर्टलचेही येईनात. लक्षात घ्या, १ मार्चपासून ६० वर्षांवरच्या लोकांचे कोविड लसीकरण नुकतेच चालू झाले होते आणि नोंदणीला ओटीपी लागत होता. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ही तपासणी सात दिवसांसाठी थांबवावी लागली.

इथे चूक पाठवणाऱ्या संस्थांची होती, चाळणी मोबाईल कंपन्यांची होती, नियम सरकारी संस्थेचा होता. आणि त्रास कोणाला झाला? ज्याला पैसे पाठवायचे होते किंवा लस घ्यायची होती त्याला. त्याला तर आपला एसएमएस कुठे अडकला हेही कळायला मार्ग नव्हता.

या अनुभवानंतर पावले जरा जपून पडू लागली. नोंद नसलेल्या लिंकचे एसएमएस अडवण्याचा नियम १ सप्टेंबर २०२४ पासून लागू व्हायचा होता. त्याला एक महिना मुदत वाढवून दिली आणि तो १ ऑक्टोबरपासून लागू केला.

अडवणे, बाजूला ठेवणे आणि खूण करणे

आमच्या मते सगळा वाद 'चाळणी हवी की नको' असा नाही. चाळणी हवीच. खरा प्रश्न आहे, चाळून उरलेल्याचे काय करायचे? त्याचे चार प्रकार आहेत.

एक, खूण करून देणे. एअरटेलच्या फोनवर 'सस्पेक्टेड स्पॅम' असे दिसते, पण फोन वाजतो. उचलायचा की नाही ते आपण ठरवतो.

दोन, बाजूला ठेवणे. जीमेलचा स्पॅमचा डबा हे त्याचे उदाहरण. पत्र ३० दिवस तिथे राहते, मग आपोआप पुसले जाते. चूक सुधारायची संधी असते, पण मुदतीची.

तीन, दारातून परत फिरवणे. इथे आपल्याला कळत नाही, पण पाठवणाऱ्याला 'पोचले नाही' असा निरोप जातो. तो फोन करून सांगू शकतो.

चार, गुपचूप फेकून देणे. पाठवणाऱ्याला वाटते पोचले, आपल्याला वाटते आलेच नाही. हा प्रकार सगळ्यात घातक.

पहिले तीन प्रकार समजण्यासारखे आहेत. चौथा ग्राहकाच्या पाठीमागे होता कामा नये. ज्या मेलमध्ये उघड व्हायरस आहे तो नष्ट करा, त्याला कोणाची हरकत नसेल. पण 'संशय आला' एवढ्यावर कोणाचेही पत्र गायब करण्याचा हक्क कंपनीला नसावा. आणि काय अडवले, याची यादी मागितल्यावर ग्राहकाला मिळाली पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत व्यापारी मेलसाठी २००३ चा वेगळा कायदा आहे. आपल्याकडे फोन आणि एसएमएससाठी ट्रायचे नियम आहेत, पण केवळ स्पॅम मेलसाठी स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमात त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याची ओळख लपवण्यासाठी पाठवलेल्या मेलचा उल्लेख होता. याच कलमाचा वापर २०१२ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरच्या दोन तरुणींवर फेसबुकवरच्या मजकुरावरून झाला. शेवटी २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. 'त्रास' म्हणजे नक्की काय, हे त्यात स्पष्ट नव्हते. यातून शिकण्यासारखे हे की नकोसे काय ते ठरवण्याचा मोघम अधिकार कोणालाही देऊ नये, मग ते पोलीस असोत की कंपनी.

मात्र फसवणूक झाली असेल तर कायदा आहे. दुसऱ्याचे सोंग घेऊन कॉम्प्युटर किंवा फोनवरून फसवणाऱ्याला ६६-ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आपण घरी काय करावे?

कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर चाळणीचा थोडा ताबा आपण आपल्या हातात घेऊ शकतो.

१. आठवड्यातून एक दिवस ठरवा, जुम्याचा ठरवला तर लक्षात राहील. जीमेलमध्ये डाव्या बाजूच्या तीन रेघा दाबा, 'स्पॅम' उघडा आणि फक्त नावे वाचा. मेल ३० दिवस राहतो, म्हणजे तो पुसला जाण्याआधी आपल्याला तीन-चार वेळा दिसेल.

२. कामाचे पत्र तिथे सापडले तर 'स्पॅम नाही' हे बटण दाबा आणि तो पत्ता आपल्या संपर्कात जोडा. पुढच्या वेळी ते पत्र नीट यायची शक्यता वाढते.

३. नुसत्या मेलवर विसंबू नका. हजचा अर्ज असेल तर कव्हर नंबर टाकून हज कमिटीच्या संकेतस्थळावर किंवा हज सुविधा ॲपवर स्वतः बघा. रेल्वे भरती असेल तर भरती मंडळाचे संकेतस्थळ बघा. सरकारी पत्ता 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' वर संपतो, ही खूण मुलांना शिकवा.

४. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असते. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार, 'जी' म्हणजे सरकारी. बँकेच्या नावाचा निरोप साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर लगेच सावध व्हा.

५. जाहिराती बंद करायच्या असतील तर १९०९ वर डीएनडी नोंदवा. त्याने ओटीपी बंद होत नाहीत, त्यामुळे घाबरायचे कारण नाही.

६. व्हॉट्सॲपवर ही चाळणी फारशी कामाची नाही, कारण तिथला मजकूर बंद पाकिटात जातो आणि मधल्या कंपनीला वाचता येत नाही. म्हणून ठग तिकडे वळले आहेत. निकाहच्या कार्डाच्या नावाने 'एपीके' फाईल आली तर ती उघडू नका, ओळखीच्या नंबरवरून आली तरीही. आधी फोन करून विचारा. कार्ड फोटो किंवा पीडीएफ असते, ते बघण्यासाठी नवे ॲप बसवावे लागत नाही.

७. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार केली तर रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त असते. नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला असेल तर संचार साथीच्या 'चक्षू' वर कळवा.

ज्यांच्या हातात शाळा, ट्रस्ट किंवा पतसंस्था आहे त्यांनाही एक विनंती. वेबसाईट बनवणाऱ्याला स्पष्ट विचारा की आमच्या मेलला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावले आहे का. आणि महत्त्वाचा निरोप असेल, मुलाखतीचा, फीचा किंवा ट्रस्टच्या बैठकीचा, तर मेल पाठवून मोकळे होऊ नका. एक फोन करा, नाहीतर नोटीस बोर्डवर कागद लावा. घोडनदीच्या बाजारपेठेत काय किंवा दौंडच्या रेल्वे वस्तीत काय, तोंडी निरोप अजून चाळणीत अडकत नाही.

हा लेख वाचून झाल्यावर फोन खाली ठेवण्याआधी घरातल्या थोरांची मेलपेटी एकदा उघडा आणि त्यांच्या स्पॅमच्या डब्यात गेल्या ३० दिवसांत काय काय पडले आहे ते त्यांच्यासोबत बसून बघा.